हिशेब विचारा : शंभराला आठ, तर साडेचार हजाराला किती?

मागच्या अंकात सरळव्याजावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रांचा आणि मेसेजचा पाऊसच पडला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण ज्या प्रश्नांत बाकीच्यांचे पण प्रश्न सुटतील असे निवडून घेतलेत. बहुतेकांची अडचण एकच आहे, सूत्र पाठ आहे पण गणित जरा फिरवून विचारलं की काही सुचत नाही. त्यामुळे यावेळी सगळं प्रमाणानेच सोडवूया.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर हे ती घडाघडा म्हणते, आणि व्याज काढा म्हटलं की काढते पण. पण व्याज देऊन मुद्दल विचारलं की पेन तिथंच थांबतं. क्लासमध्ये मुद्दलाचं वेगळं, दराचं वेगळं, मुदतीचं वेगळं अशी सूत्रं लिहून दिलीत. ती सगळी पाठ करून घेऊ का? — एक आई, बार्शी

उत्तर : नका करून घेऊ ताई, खरंच नका. चार सूत्रं पाठ केली की परीक्षेत कुठलं कुठं वापरायचं हा पाचवा प्रश्न तयार होतो आणि मूल तिथंच घाबरतं. त्याऐवजी तिला द.सा.द.शे. (दर साल दर शेकडा) ८ याचा अर्थ दर वेळी पूर्ण वाक्यात बोलायला लावा: शंभर रुपये, एक वर्ष ठेवले, तर आठ रुपये व्याज. एवढं वाक्य वहीत वर लिहायचं आणि त्याच्याखाली आपलं गणित मांडायचं, मुद्दलाखाली मुद्दल, वर्षाखाली वर्ष, व्याजाखाली व्याज.

समजा ४,५०० रुपये, दर ८, मुदत अडीच वर्षं. आधी फक्त रुपये बदला, वर्ष एकच राहू दे. शंभराला ८ तर ४,५०० ला किती? क्ष / ४५०० = ८ / १००, तिरका गुणाकार केला की क्ष = ३६०. तिला तोंडी जमत असेल तर अजून छान, ४,५०० मध्ये ४५ शेकडे आणि प्रत्येक शेकड्याला ८, झाले ३६०. आता रुपये तसेच ठेवून वर्ष बदला, एका वर्षाला ३६० तर अडीच वर्षांना ९००. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन्ही एकदम बदलायला गेलं की गोंधळ होतो.

आता तिचं जिथं अडतं ते बघू. दर ८, मुदत ३ वर्षं, व्याज १,४४० मिळालं, मुद्दल किती? परत तेच वाक्य, शंभर रुपयांना एका वर्षात ८, म्हणजे शंभर रुपयांना तीन वर्षांत २४. आता प्रश्न एवढाच उरला की २४ रुपये व्याज यायला शंभर ठेवावे लागतात, तर १,४४० यायला किती ठेवावे लागतील? १,४४० म्हणजे २४ ची ६० पट, म्हणून मुद्दल पण शंभराची ६० पट, ६,००० रुपये. सूत्र कुठंच लागलं नाही.

मुदत विचारली तरी तसंच. ६,००० रुपये, दर ८, व्याज १,२०० आलं, किती वर्षं ठेवले असतील? एका वर्षाचं व्याज ४८०, आणि ४८० ला एक वर्ष तर १,२०० ला अडीच वर्षं. आणि दर विचारला, समजा ७,५०० वर दोन वर्षांत १,३५० मिळाले, तर एका वर्षाचे ६७५, आता ७,५०० ला ६७५ तर शंभराला किती, ९. दर ९ टक्के.

हे तिला दोन-तीन दिवस जमू द्या आणि मग एक गोष्ट दाखवा, की या सगळ्या गणितांत आपण एकच बरोबरी लिहितोय: व्याज / मुद्दल = (दर × मुदत) / १००. डावीकडे तिचं गणित, उजवीकडे शंभर रुपयांचं गणित. यातल्या चार गोष्टींपैकी जी माहीत नाही तिथं क्ष लिहायचं आणि तिरका गुणाकार करायचा. क्लासमधली सगळी सूत्रं या एका ओळीतून निघतात, आणि ती स्वतः काढून बघितली की तिला विसरायची भीतीच राहणार नाही. आणि मुदत महिन्यांत दिली असेल तर आधी वर्षात करायची, ९ महिने म्हणजे पाऊण वर्ष. इथं फार मुलांचे मार्क जातात.

प्रश्न : मॅडम मी भरतीची तयारी करतोय. एक रक्कम सरळव्याजाने ८ वर्षांत दुप्पट होते तर तिप्पट किती वर्षांत होईल? मी प्रमाण लावलं, दुप्पटला ८ तर तिप्पटला १२. उत्तरतालिकेत १६ आहे. छपाईची चूक आहे का माझं चुकतंय? — भरतीवाला, परभणी

उत्तर : उत्तरतालिका बरोबर आहे दादा. आणि तुमचा प्रश्न या सगळ्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण तुम्ही केलं तसं हजारो मुलं करतात आणि पर्यायांत १२ मुद्दाम ठेवलेला असतो.

तुम्ही प्रमाण लावलंत हे चांगलंच केलं, पण ते राशीला लावलंत. रास म्हणजे मुद्दल अधिक व्याज, बरोबर? आता वर्षं वाढली की काय वाढतं? फक्त व्याज वाढतं. मुद्दल पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच शेवटच्या दिवशी. म्हणजे वर्षांच्या प्रमाणात वाढतं ते व्याज, रास नाही. आता परत बघा, दुप्पट झाली म्हणजे व्याज किती आलं, मुद्दलाच्या एकपट. तिप्पट झाली म्हणजे व्याज आलं दोनपट. एकपट व्याजाला ८ वर्षं तर दोनपटीला १६. चौपट विचारलं तर तीनपट व्याज, २४ वर्षं. दरही याच्यातूनच निघतो, शंभराला ८ वर्षांत शंभर व्याज म्हणजे वर्षाला साडेबारा.

अशी गणितं आली की आधी एक सवय लावा, दिलेल्या आकड्यातून मुद्दल बाजूला काढायचं आणि मगच प्रमाण मांडायचं. आणि मुद्दल माहीतच नसेल तर? तेव्हा वजाबाकी करायची. उदाहरणार्थ, एक रक्कम सरळव्याजाने ३ वर्षांत ६,९०० होते आणि ५ वर्षांत ७,५००, तर मुद्दल आणि दर काढा. दोन्ही राशींमध्ये मुद्दल तेच आहे, त्यामुळे ७,५०० मधून ६,९०० वजा केले की ते निघून जातं आणि उरतात ६००, हे फक्त व्याज आहे, आणि ते मधल्या दोन वर्षांचं आहे. दोन वर्षांना ६०० तर तीन वर्षांना ९००. ६,९०० मधून ९०० गेले, मुद्दल ६,०००. वर्षाला ३०० येतात, ६,००० ला ३०० तर शंभराला ५. हे गणित क्ष आणि य धरून पण सुटतं, पण परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर पण मिळत नाही आणि ही पद्धत तोंडी होते.

फक्त प्रश्नात सरळव्याज आहे की चक्रवाढ, म्हणजे व्याजावर पण व्याज, हे नीट वाचा, चक्रवाढीला हे चालत नाही. तिथं ८ वर्षांत दुप्पट होणारी रक्कम १६ वर्षांत चौपट होते.

प्रश्न : आमच्या वेळी हे सगळं त्रैराशिक आणि पंचराशिक म्हणून शिकवायचे. आता पुस्तकात ते शब्द दिसत नाहीत. तुम्ही सांगता ती पद्धत तीच का? आणि ती मुळात किती जुनी आहे? दामदुपटीबद्दल पण थोडं लिहावं. — एक निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : हो गुरुजी, अगदी तीच. तीन गोष्टी ठाऊक असताना चौथी काढायची ते त्रैराशिक, आणि व्याजात रक्कम पण बदलते आणि काळ पण बदलतो म्हणून पाच गोष्टींवरून सहावी काढायची ते पंचराशिक. त्रैराशिक आर्यभटाच्या आर्यभटीयात आहे, म्हणजे इसवी सन ४९९ च्या आसपासचं, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० च्या, पंचराशिकाचं पहिलंच उदाहरण व्याजाचं आहे. शंभराला महिन्याला ५ व्याज असेल तर १६ ला वर्षाचं किती होईल सांग, असा तो प्रश्न. व्याजाला तिथं कलांतर म्हटलंय.

मांडणी बघण्यासारखी आहे. एका बाजूला १ महिना, १०० रक्कम, ५ व्याज, आणि दुसऱ्या बाजूला १२ महिने, १६ रक्कम, आणि व्याजाची जागा रिकामी. मग ५ हे फळ उचलून रिकाम्या जागी न्यायचं, ज्या बाजूला जास्त संख्या झाल्या त्यांचा गुणाकार करायचा आणि दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराने भागायचं. १२ × १६ × ५ = ९६०, भागिले १ × १००, उत्तर ९ पूर्णांक ३/५. तुम्ही वर्गात फळ्यावर हेच केलं असणार, उभ्या दोन रांगा मांडून. आणि भास्कराचार्य तिथं थांबत नाहीत, लगेच तेच आकडे फिरवून व्याजावरून काळ काढायला सांगतात आणि मग काळ आणि व्याजावरून मूळ रक्कम. बार्शीच्या ताईंच्या मुलीचं जिथं अडलंय ते आठशे-नऊशे वर्षांपूर्वी पण शिकवावं लागत होतं, आणि शिकवायची रीत पण तीच, मांडणी एकच ठेवायची आणि रिकामी जागा बदलायची.

लीलावतीतलंच दुसरं एक गणित मला फार आवडतं आणि ते परभणीच्या दादांनी पण वाचावं. महिन्याला शेकडा ५ दराने वर्षाअखेरीस मुद्दल आणि व्याज मिळून १,००० झाले, तर दोन्ही वेगळे करून सांग. शंभराला महिन्याला ५ म्हणजे वर्षाला ६०, म्हणजे शंभराचे वर्षात १६० होतात. मग १६० मागे १०० मुद्दल तर १,००० मागे किती? ६२५. आणि व्याज ३७५. इथं मात्र प्रमाण थेट राशीला लावलंय आणि ते बरोबर आहे, कारण काळ दोन्हीकडे एकच आहे, एक वर्ष. काळ तोच असेल तर मुद्दल दुप्पट केलं की व्याज दुप्पट आणि रास पण दुप्पट. रक्कम तीच ठेवून काळ बदलला की मग रास प्रमाणात राहत नाही. हा फरक ज्याला कळला त्याला हा धडा कळला असं मी म्हणेन.

आणि तुम्ही चाळीसगावचे म्हणून मुद्दाम लिहिते, तुमच्या जवळच्या पाटणे गावातच भास्कराचार्यांच्या घराण्याचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. शाळेची सहल पितळखोऱ्याला किंवा पाटणादेवीला नेता तेव्हा पोरांना हे पण सांगायला हवं.

आता दामदुप्पट. जुन्या धर्मशास्त्रातला हा नियम, एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, आणि इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी पण तो मानला. प्रमाणात बघितलं तर फार सोपं आहे, व्याज मुद्दलाइतकं कधी होणार, तर शंभराला शंभर व्याज कधी होणार. दर १२ असेल तर १०० भागिले १२, आठ वर्षं चार महिने. लीलावतीतल्या महिना ५ च्या दराने वीसच महिने. ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, किती लवकर बुडत असेल ते यावरून कळतं.

प्रश्न : मी नववीत आहे. २४,००० रुपयांपैकी काही ६ टक्क्यांनी आणि उरलेले ९ टक्क्यांनी ठेवले, वर्षाचं व्याज १,६८० आलं. क्ष धरून केलं तर येतं पण वेळ लागतो, प्रमाणाने होईल का? — नववीची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : होईल गं, आणि क्ष ने येतंय हे फार छान, ते सोडू नकोस. ६क्ष/१०० + ९(२४००० − क्ष)/१०० = १६८० असंच केलं असशील, क्ष = १६,०००.

प्रमाणाने असं बघ. २४,००० ला १,६८० तर शंभराला किती, ७. म्हणजे सगळ्या पैशांवर मिळून सरासरी ७ टक्के पडले. ६ वाले पैसे सरासरीपेक्षा १ ने कमी आणतात, ९ वाले २ ने जास्त आणतात. ही कमी-जास्त एकमेकांत फिटायला पाहिजे, म्हणून ९ च्या एका रुपयामागे ६ चे दोन रुपये हवेत. गुणोत्तर २ : १, म्हणजे १६,००० आणि ८,०००. ताळा कर, ९६० आणि ७२०, बेरीज १,६८०. पेपरात क्ष ची रीत लिही आणि ताळ्याला ही वापर.

प्रश्न : ताई आमच्या बचत गटात महिना शेकडा २ ने कर्ज देतो. एक फायनान्सवाला गावात येतो, तो पण म्हणतो आमचं पण २ टक्केच आहे आणि कागदं कमी लागतात. बायका तिकडं वळायला लागल्यात. १२,००० घेतले आणि वर्षभर महिन्याला हजार मुद्दल फेडलं तर दोन्हीकडं सारखंच पडतं ना? — गटाची सचिव, गडहिंग्लज

उत्तर : सारखं पडत नाही ताई, जवळजवळ दुपटीचा फरक आहे. हे उत्तर गटाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा ही माझी विनंती.

आधी तुमच्या गटाचं बघू, तुम्ही उरलेल्या मुद्दलावर व्याज घेता. पहिल्या महिन्यात तिच्याकडे १२,००० आहेत, व्याज २४०. दुसऱ्या महिन्यात ११,०००, व्याज २२०. मग २००, असं करत शेवटच्या महिन्यात हजारच उरले, व्याज २०. बारा वेळा बेरीज करत बसायची गरज नाही, प्रमाणात करा. वापरलेले रुपये आणि महिने यांचा गुणाकार घ्या, १२,००० एक महिना, ११,००० एक महिना, असं १,००० पर्यंत, बेरीज ७८,०००. म्हणजे एका महिन्यासाठी ७८,००० वापरल्यासारखंच झालं. शंभराला २ तर ७८,००० ला १,५६०. वर्षाचं व्याज १,५६० रुपये.

फायनान्सवाला ज्याला फ्लॅट म्हणतो त्यात काय होतं, तो बाराही महिने पूर्ण १२,००० वर २ टक्के लावतो. महिन्याला २४०, वर्षाला २,८८०. हजार हजार करून मुद्दल परत केलं तरी त्याच्या हिशेबात ते कमीच होत नाही. शेवटच्या महिन्यात बाईकडे हजार रुपये आहेत आणि ती व्याज भरतेय बारा हजारांचं.

आता त्याचा खरा दर काढा. तिने वापरले तेच ७८,००० आणि भरले २,८८०. ७८,००० ला २,८८० तर शंभराला किती? ३ रुपये ६९ पैसे. महिना २ म्हणून सांगितलेलं कर्ज प्रत्यक्षात महिना पावणेचारच्या घरात जातं. त्यात वरून प्रोसेसिंग फी कापून हातात ११,५०० च दिले तर अजून वाढतं, कारण ७८,००० वापरायलाच मिळाले नाहीत.

म्हणून कर्ज देणारा कोणीही असो, त्याला दोनच गोष्टी विचारायच्या, व्याज उरलेल्या मुद्दलावर का पहिल्या मुद्दलावर, आणि वर्षभरात एकूण किती रुपये परत द्यायचे. दुसऱ्याचं उत्तर रुपयांत घ्या, टक्क्यांत नको. आणि महिना २ म्हणजे वर्षाला २४ हे पण बायकांना सांगा, बँकेचा दर वर्षाचा असतो आणि गटाचा महिन्याचा, त्यामुळे बँक १२ म्हणाली की ती महाग वाटते. शंभर रुपये एक वर्ष या एकाच मापात दोन्ही आणल्याशिवाय तुलना करू नका.

प्रश्न : एफडी मधेच मोडली, ७३ दिवस झाले होते. ५०,००० वर ९ टक्क्यांनी सरळव्याज किती मिळायला हवं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वर्षाचं ४,५००. ३६५ दिवसांना ४,५०० तर ७३ दिवसांना किती, ७३ म्हणजे ३६५ चा पाचवा भाग, म्हणून ९०० रुपये. पण मुदतीआधी मोडली की बँक सहसा पूर्ण दर देत नाही, जेवढे दिवस ठेवली तेवढ्या मुदतीला जो दर असतो तो धरते आणि बऱ्याच ठिकाणी त्यातून पण दंड म्हणून अर्धा-एक टक्का कापते. त्यामुळे ९ च्या जागी कुठला दर लावला ते पावतीवर बघा, समजा ५ लावला असेल तर वर्षाचे २,५०० आणि तुमचे ५०० होतात. त्याहून कमी आले असतील तर शाखेत हिशेब लिहून मागा.